झेनची वॉटर बॉडी घरी बदलताना

आमच्या १९९७च्या मारुती झेनचं, इंजिन गार ठेवणारं पाणी कमी होत होतं आणि ते कुठे जातंय हे कुणी धड सांगत नव्हतं. एका गॅरेजमध्ये रेडिएटर बदला म्हणाले. दुसऱ्याने काही न उघडताच हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, गेलंय असं ठरवून टाकलं. कोल्हापुरात फिरताना टेम्परेचरचा काटा कायम खालीच असायचा, आणि घरात सगळे ते चांगलं लक्षण मानायचे. पण वैभववाडीहून परतताना करूळ घाट लागला की काटा वर सरकायचा, तो गगनबावड्याला पोचेपर्यंत लाल पट्टीला टेकायला यायचा. गावात थंड आणि चढाला गरम, हे एकाच गाडीत कसं होतं, याचं उत्तर मला हवं होतं. दिवाळीची सुट्टी लागली, शाळेच्या पेपरांचं काम संपलं, आणि मी मामांना बोलावून घेतलं.

मामा एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. आता गुडघ्यामुळे त्यांना खाली बसता येत नाही, म्हणून अंगणात खुर्ची टाकून ते सांगणार आणि हात माझे, असं ठरलं.

गळती शोधायला रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरला. सकाळी डाग उजव्या चाकाच्या बाजूला होता. रेडिएटर पुढे मधोमध, त्याच्याखाली पुठ्ठा कोरडा. ऑइलची डिपस्टिक काढून पाहिली. ऑइल काळं होतं, पण त्यात दुधाळपणा अजिबात नव्हता. रेडिएटरच्या झाकणाखालीही तेलाचा तवंग नव्हता. हेड पॅकिंग गेलं की पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळतात; तो संशय तिथेच बराचसा मावळला. मग टॉर्च लावून इंजिनच्या उजव्या कडेला वरून पाहिलं, तर वॉटर बॉडीच्या, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, पोटाखालून पांढरट-हिरव्या खपल्यांचा ओघळ खालपर्यंत उतरलेला.

वॉटर बॉडीच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आत पाण्याची बाजू आणि बेरिंगची बाजू यांच्यामध्ये एक सील असतं: एकावर एक घासणाऱ्या दोन गुळगुळीत चकत्या आणि त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग. हे सील थकलं की पाणी बेरिंगकडे जायला लागतं. ते बेरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून ते भोक. तिथून ओघळ दिसला म्हणजे सील गेलं. काही लोक ते भोक एमसीलने बुजवतात. तसं केलं की पाण्याला बेरिंगशिवाय दुसरी वाट उरत नाही. आतलं ग्रीस धुऊन निघतं आणि काही दिवसांत पंप आवाज करत बसतो.

मामांनी फॅन बेल्ट ढिला करायला सांगितला. मग पंपाची पुली वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरून हलवायला लावली. बोटांना अगदी बारीक टक टक लागली.

“लागलं का हाताला?” मामांनी विचारलं.

“लागलं.”

“मग सील बी गेलंय आनि बेरिंग बी. आता उघडल्याबिगर इलाज न्हाई, पोरी.”

शिवाजी उद्यमनगरातून सामान आणलं. वॉटर बॉडी, तिचं पॅकिंग, टायमिंग बेल्ट (खालचा क्रँक आणि वरचा कॅम हे इंजिनचे दोन दांडे जुळवून फिरवणारा पट्टा), त्याला ताण देणारा टेन्शनर, फॅन बेल्ट, कूलंट आणि डिस्टिल्ड पाण्याचा कॅन. झेनचं जी-१० इंजिन असं आहे की पंपाची पुली बाहेर, फॅन बेल्टवर; पण पंपाचे बोल्ट टायमिंग बेल्टच्या मागे. म्हणजे पंप काढायचा तर टायमिंग उतरवावंच लागतं. एवढं उघडल्यावर जुना टायमिंग बेल्ट परत चढवणं मला पटत नाही. बेल्टची किंमत त्या सगळ्या खटाटोपापुढे काहीच नाही.

नवा पंप घेताना दुकानातच जुन्या नमुन्याशी ताडून बघावा. भोकांच्या जागा जुळतातच. बघायची ती पुली बसते त्या तबकडीची उंची. ती थोडी जरी कमीजास्त असली तर बेल्ट तिरका चालतो आणि कडेने कुरतडला जातो. पंप हाताने फिरवून बघावा: एकसारखा, किंचित जड फिरला पाहिजे. तो जडपणा सीलचा असतो. अगदी सुळ्ळकन फिरणारा पंप मी परत ठेवला आणि दुसरा मागितला. डब्यात पॅकिंग होतं, पण दोन छोटी रबरी सिलं नव्हती. एक पंप आणि ऑइल पंपाच्या मध्ये बसतं, दुसरं पंप आणि हेडच्या मध्ये. दुकानदार म्हणाला जुनीच लावतात सगळे. जुनी सिलं दगडासारखी कडक झालेली असतात, हे काम उघडल्यावर दिसलंच. ती मी वेगळी मागवून घेतली आणि ती येईपर्यंत थांबले. घरी काम करताना थांबता येतं, हा मोठा फायदा आहे. गॅरेजमध्ये मागे दुसरी गाडी उभी असते.

कामाची सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून केली. मागच्या चाकांना ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, उजवं पुढचं चाक काढलं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली हात घालायचा नाही, हे मामांनी खुर्चीवर बसायच्या आधी बजावलं. खाली लोखंडी घोडी लावली, आणि काढलेलं चाक आडवं करून बॉडीखाली सरकवून ठेवलं.

इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरची टोपी काढली आणि खालचा होजपाइप सोडून पाणी घमेल्यात घेतलं. कूलंट हिरवं असायला हवं. घमेल्यात जे आलं ते चहाच्या रंगाचं होतं, तळाशी लाल गाळ. कूलंट कितीही पातळ झालेलं असो, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड. गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. म्हणून घमेलं एक क्षणही उघडं सोडलं नाही, लगेच झाकणाच्या कॅनमध्ये ओतलं आणि कॅनवर नाव लिहिलं. ज्यांना हे काम घरी करायचंय त्यांनी बाकी काही विसरलं तरी चालेल, हे विसरू नये.

पुलीचे बोल्ट बेल्ट ताणलेला असतानाच सैल करून घ्यायचे, नाहीतर पुली हाताबरोबर फिरत राहते. ए.सी.चा बेल्ट आधी उतरवला, मग फॅन बेल्ट, मग पंपाची पुली. क्रँक पुलीला मधला मोठा बोल्ट तसाच ठेवला आणि भोवतीचे छोटे बोल्ट काढले. पुली सुटून हातात आली. चाकाच्या बाजूने हात छान पोचतो. त्यानंतर टायमिंगचं बाहेरचं कव्हर.

इथे घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं. प्लग काढून ठेवले म्हणजे इंजिन हलकं फिरतं. क्रँकच्या मधल्या बोल्टला गोटी पाना लावून घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवलं. वरच्या, कॅमच्या पुलीची खूण आतल्या कव्हरवरच्या खाचेशी आणि खालच्या, क्रँकच्या पुलीचा ठिपका ऑइल पंपावरच्या बाणाशी आला की थांबायचं. दोन्ही खुणांवर मी शाळेतला व्हाइटनर लावला, मोबाइलवर समोरून आणि बाजूने फोटो काढले.

“फोटू काढ, पर डोळ्यानं बी बघून ठेव,” मामा म्हणाले. “फोटूत खूण तिरकी दिसतीया.”

ते खरं आहे. थोडा कोन बदलला की फोटोत खूण एक दात सरकल्यासारखी वाटते.

टेन्शनर सैल करून बेल्ट काढला. त्यानंतर क्रँक किंवा कॅमला हात लागू द्यायचा नाही. पंपावर बसलेली डायनॅमोची पट्टी आणि डिपस्टिकची नळी सोडवली, आणि पंपाचे बोल्ट एकेक करून काढायला घेतले. ते सगळे एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार पेनाने काढला आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात भोक पाडून खोवला.

खालच्या अंगाचा एक बोल्ट हलेना. बोल्ट पोलादाचा, ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आणि मधे कित्येक वर्षं झिरपलेलं पाणी. दोन वेगळे धातू आणि क्षारांचं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी पूड आट्यांत घट्ट बसते. दहावीला हे मी फळ्यावर शिकवते. इथे ते पान्याला जाणवत होतं. लांब पाइप लावून जोर केला असता तर बोल्टचं डोकं हातात आलं असतं आणि उरलेला भाग ब्लॉकमध्ये. गॅसच्या ज्योतीने तापवायची कल्पना मामांनी लगेच मोडून काढली: कार्ब्युरेटरची गाडी, पेट्रोलची नळी हाताच्या अंतरावर.

त्यांचा उपाय संयमाचा होता. गंज सोडवणारं तेल मारलं, छोट्या हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके दिले, आणि रात्रभर सोडून दिलं. सकाळी पुन्हा तेल. मग बोल्ट सोडायच्या आधी किंचित घट्ट करायला सांगितला.

“आदी आत जाऊ दे त्याला. जागचा हालला की मग म्हागं ये. परत आत. परत म्हागं.”

सहाकोनी गोटी पूर्ण बसलीय याची खात्री करून मी तेच केलं. सुरुवातीला पान्याला फक्त एक कोरडी करकर लागली. नंतर केसभर हालचाल. पुन्हा तेल, पुन्हा पुढे-मागे. आट्यांतून पांढरा चुरा तेलाबरोबर बाहेर यायला लागला तेव्हा मामा खुर्चीतून उठून बघायला आले. बोल्ट अखंड निघाला. पाना धरल्यावर बोल्ट फिरतोय की पिळला जातोय यातला फरक हाताला कळतो: पिळला जाणारा बोल्ट स्प्रिंगसारखा परत ढकलतो. तसं वाटलं की तिथेच थांबायचं.

पंप लाकडी हातोडीच्या दोन टपल्यांत सुटला आणि ब्लॉकमध्ये राहिलेलं पाणी भसकन खाली आलं.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते जुन्या पंपाबद्दल. त्याच्या पंख्याची पाती कडेने खाल्ली गेली होती, लाल गंजाने खडबडीत झाली होती. ब्लॉकच्या आत, पाणी फिरतं त्या पोकळीत, गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर. नंतर मी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून तो पंप उभा कापून आणला. सीलच्या काळ्या कार्बन चकतीवर गोल चरे पडलेले स्पष्ट दिसत होते, आणि बेरिंगमध्ये ग्रीसऐवजी तपकिरी चिखल. आता तो पंप शाळेच्या प्रयोगशाळेत आहे.

झालं होतं ते असं. कधीतरी कूलंट संपलं, आणि त्यानंतर पाणी कमी झालं की बोअरचं, हॉटेलातलं, पेट्रोल पंपावरचं, जे मिळेल ते पाणी भरलं गेलं. कूलंट पाणी गार ठेवतं असा समज आहे. खरं तर उष्णता वाहून न्यायला नुसतं पाणीच सरस. कूलंटचं महत्त्व दोन गोष्टींत: त्यामुळे उत्कलनबिंदू चढतो, आणि त्यातली गंजरोधक रसायनं धातूवर पातळ संरक्षक थर धरतात. ही रसायनं संपली की लोखंड गंजतं, ॲल्युमिनियम झिजतं. जड पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की कॅल्शियम कार्बोनेट होऊन भिंतींवर बसतं, आणि त्याचे सुटे कण पाण्याबरोबर फिरतात. ते सीलच्या दोन चकत्यांमध्ये शिरतात, चरे पाडतात. सील गळतं, पाणी बेरिंगकडे जातं, बेरिंग सैल होतं, सैल दांडा सीलला आणखी घासतो. वॉटर बॉडी पाण्याने मारली होती. तेच पाणी परत भरायचं असतं तर नवा पंप बसवून काही उपयोग नव्हता.

मग गावात काटा खाली का? ते थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेचं, घर उघडलं तेव्हा उलगडलं. घर रिकामं. आधी कधीतरी कुठल्यातरी गॅरेजने गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला होता. त्यामुळे गावात इंजिन कधी नीट तापतच नव्हतं, आणि चढावर पंख झिजलेला पंप, क्षार धरलेलं रेडिएटर आणि कमी पाणी यांची खरी लायकी उघडी पडत होती. गार इंजिन जास्त पेट्रोल खातं, ऑइलमध्ये ओलावा साठतो, सिलिंडरची झीज वाढते. थर्मोस्टॅट काढणं हा उपाय आपल्याकडे इतका सर्रास होतो की त्याला कुणी चूक म्हणतच नाही. मी म्हणते.

नवा थर्मोस्टॅट आणला. त्याच्यावर ८२ छापलेलं होतं. गाडीत बसवण्याआधी तो पातेल्यात पाण्यात दोऱ्याने लटकवला, तळाला टेकू न देता, आणि प्रयोगशाळेतला थर्मामीटर शेजारी धरला. ऐंशीपर्यंत तो मिटलेला. मग तबकडीच्या कडेने एक बारीक फट दिसली, आणि नव्वदीच्या पुढे ती चांगली रुंद झाली. गॅस बंद केल्यावर हळूहळू मिटला. दुकानातून आणलेला प्रत्येक थर्मोस्टॅट असा तपासावा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

ब्लॉकचा पृष्ठभाग साफ करायला सर्वात जास्त वेळ लागला. जुनं पॅकिंग चिकटून कडक झालं होतं. स्टीलच्या पट्टीने खरवडलं तर ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि त्या ओरखड्यातून पुढे पाणी झिरपतं. मामांनी बांबूच्या कामटीला चाकूने छिन्नीसारखी धार काढून दिली. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं पॅकिंगवर ठेवायचं, नरम होऊ द्यायचं, कामटीने सोलायचं. कामटी बोथट झाली की मामा पुन्हा धार काढून देत. बोटाचं टोक फिरवून कुठेच काही लागत नाही इथपर्यंत ते केलं. बोल्टच्या भोकांतला चुराही साफ केला.

पॅकिंगला शेलॅक, म्हणजे फटी बुजवणारा चिकट लेप, लावायचं की नाही यावर आमची चर्चा झाली. एस.टी.च्या इंजिनांना मामा नेहमी लावत. मी म्हटलं, पृष्ठभाग नवा असल्यासारखा साफ आहे, कागदी पॅकिंग कोरडंच बसू दे. जादा शेलॅक आत पिळून निघालं तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकेल. मामांनी ऐकून घेतलं आणि पॅकिंग जागेवर धरून राहावं एवढ्यापुरतं ग्रीसचे ठिपके लावायला सांगितले. ते मला पटलं.

घट्ट करायला मात्र टॉर्क रेंच त्यांनीच मागवून घेतला होता. पंपाच्या या छोट्या बोल्टांना ०.९ ते १.२ किलोग्रॅम-मीटर एवढंच लागतं.

“बिडाचं इंजिन असलं तर हाताला कळतंय. ह्ये ॲल्युमिनियम कळू देत न्हाई, एकदम आटं सोडतंय.”

समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, आधी हलके, मग पूर्ण. दोन्ही नवी रबरी सिलं जागेवर आहेत ना, हे प्रत्येक बोल्टनंतर बोटाने चाचपलं.

टायमिंग बेल्ट चढवताना पुढची, म्हणजे क्रँक ओढते ती बाजू ताठ ठेवायची आणि ढील टेन्शनरच्या बाजूला येऊ द्यायची. टेन्शनरची स्प्रिंग लावली, क्रँक घड्याळाच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवला. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, म्हणून दोन फेऱ्यांनी दोन्ही खुणा परत आपापल्या जागी यायलाच हव्यात. आल्या. त्यानंतरच टेन्शनर घट्ट केला. बाकीचं आलं तसं उलट्या क्रमाने. फॅन बेल्ट अंगठ्याने जोरात दाबल्यावर ६ ते ९ मिलिमीटर दबेल एवढा ताणला.

कूलंट भरण्याआधी थर्मोस्टॅट बाहेर ठेवूनच इंजिन आणि रेडिएटर साध्या पाण्याने धुतलं, खालून वर आणि वरून खाली, पाणी नितळ येईपर्यंत. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने. मग थर्मोस्टॅट बसवून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी, हळूहळू ओतलं. हीटरचा नॉब गरमवर ठेवला म्हणजे हीटरच्या नळ्यांतली हवाही निघते. रेडिएटरची टोपी उघडी ठेवून इंजिन चालू केलं, वरचा होज हाताने दाबत राहिले. बुडबुडे येत होते, पातळी उतरत होती, मी भरत होते. बराच वेळ वरचा होज कोमट, आणि मग एकाएकी हाताला चटका बसेल इतका गरम: थर्मोस्टॅट उघडला. थोड्या वेळाने पंखा सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. मामा काटा बघत गाडीत बसले होते. काटा मधोमध येऊन थांबला.

पुढच्या काही दिवसांत रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतली पातळी थोडी खाली आली. उरलेली हवा निघते तेव्हा तसं होतं. भरल्यावर ती हलली नाही. पंपाखालचं भोक कोरडं आहे. जुन्या कूलंटचे कॅन अजून कपाटात कुलपात आहेत, ते नीट विल्हेवाट लावणाऱ्या वर्कशॉपमध्ये द्यायचेत. खालचा होजपाइप क्लिपच्या जागी मऊ पडलाय, तो आणि हीटरच्या दोन नळ्या नाताळच्या सुट्टीत बदलायच्या आहेत. डिकीत डिस्टिल्ड पाण्यात कालवलेल्या कूलंटची लिटरची बाटली ठेवलीय, आणि गाडी नेणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंय की पाणी कमी वाटलं तर त्यातलंच घालायचं.